‘तत्काळ’ या शब्दाची वकिली

विमा कंपन्यांची वकिली करण्याचा मानस असेल, तर कायद्याची पुस्तके नंतर उघडली तरी चालतील. आधी पॉलिसीच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरे चष्म्याशिवाय वाचण्याचा सराव करावा. विमा हा परम सद्भावनेचा, म्हणजे काहीही न लपवण्याचा, करार आहे, असे पहिल्याच तारखेला गंभीर चेहऱ्याने सांगावे. ही सद्भावना कंपनीनेही बाळगायची असते, हे सांगायचे राहून गेले तरी तुमचा पक्षकार रागावणार नाही.

घरफोडीचा दावा आला, तर गेलेल्या मालाकडे न पाहता कुलपाकडे पाहावे. पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची अट असेल, तर नुसती चोरी तीत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हरचंदराय चंदनलाल प्रकरणात मान्य केले आहे. चोराने सभ्यपणे किल्ली लावली, त्याला आपला इलाज नाही.

खरी मिळकत मात्र नुकसान कंपनीला ‘तत्काळ’ कळवावे या पॉलिसीतल्या अटीच्या ‘तत्काळ’ या शब्दात आहे. ट्रक चोरीला गेला की मालक आधी पोलीस ठाण्यात जातो, मग ढाब्याढाब्यावर ट्रक शोधतो आणि आठवड्याने त्याला विमा आठवतो. हा उशीर अक्षम्य आहे, असे आपण ठासून मांडावे. गाडी गेलेला माणूस आधी गाडीच शोधणार, असे 2017 च्या ओम प्रकाश निकालात न्यायालयाने म्हटले. पुढे 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी, फिर्याद लगेच दिली असेल तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तरी धीर सोडू नये; हे निकाल प्रत्येक ट्रकवाल्याने वाचलेले असतातच असे नाही. शेतात गुडघाभर पाणी आणि मोबाइलला रेंज नाही अशा शेतकऱ्यालाही नुकसान कळवण्याचे पीकविम्याचे 72 तास मोजून दाखवता येतात.

आपल्या उशिराची गोष्ट अर्थातच वेगळी. ग्राहक आयोगात तक्रारीला उत्तर म्हणून लेखी कैफियत देण्यास 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. ही मुदत ताणता येते का, हा प्रश्न हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणात एका विमा कंपनीच्याच अपिलातून पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि 4 मार्च 2020 रोजी उत्तर आले की, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. तेव्हा ट्रकवाल्याच्या आठ दिवसांचा निषेध करणारी आपली कैफियत चव्वेचाळिसाव्या दिवशी कचेरी बंद होण्याआधी दाखल होईल, एवढी काळजी घ्यावी.