दुकानं अडीच हजार, गिरणी एकच

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. दोन व्यापाऱ्यांचे ग्रुप, एक सोसायटीचा आणि एक चक्क भिशीचा. मजकूर थोडक्यात असा: "डोमेन-होस्टिंगमध्ये मक्तेदारी आहे म्हणणाऱ्यांना बाजार कळत नाही. जगात अडीच हजारांवर अधिकृत रजिस्ट्रार आहेत. ९९ रुपयांत डोमेन मिळतं, ते या जीवघेण्या स्पर्धेमुळेच. डॉट कॉम महाग वाटलं तर हजारभर दुसरी एक्स्टेंशन आहेत. आणि कंपनी नाही आवडली तर पाच मिनिटांत दुसरीकडे जा. इथे गिऱ्हाईकच राजा आहे."

मी पुण्यात छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट करते. वर्षाला साठ-सत्तर रिन्यूअल माझ्या हातून जातात. त्यामुळे यातलं प्रत्येक वाक्य मी विक्रीवाल्यांच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेलं आहे. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, एक्स्टेंशन म्हणजे त्याची डॉट कॉमसारखी शेपटी, रजिस्ट्रार म्हणजे नाव विकणारी कंपनी, आणि होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा. एकेक घेऊ.

आधी अडीच हजारांचा आकडा. तो खोटा नाही. रजिस्ट्रारना मान्यता आयकॅन ही इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था देते आणि ती यादी कुणालाही बघता येते. मेसेज लिहिणाऱ्याने मात्र ती उघडलेली दिसत नाही. यादी खाली सरकवत गेलात की एका ठिकाणी गंमत सुरू होते: ड्रॉपकॅच डॉट कॉम अमुक क्रमांक एलएलसी, मग पुढचा क्रमांक, मग त्याच्या पुढचा. पानंच्या पानं तेच. कागदावर कंपन्या वेगळ्या, मालक एक. कशासाठी हा खटाटोप? मुदत संपून गेलेलं एखादं चांगलं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे नावांच्या मूळ नोंदवहीतून, मोकळं होतं, त्या क्षणी झडप घालायची असते, आणि रजिस्ट्रीच्या दाराशी प्रत्येक मान्यतेला मोजक्याच जोडण्या मिळतात. तत्काळ तिकिटासाठी घरातली दहा माणसं दहा खिडक्यांवर उभी करावीत, तसं. २०१६ च्या अखेरीस या एका मालकाने एका दमात आणखी ५०० मान्यता घेतल्या आणि त्याचा एकूण आकडा बाराशेच्या पुढे गेला. अशा 'कंपन्यां'चा तुमच्या-माझ्या गिऱ्हाइकीशी काडीचा संबंध नाही. त्या मोजून स्पर्धा ठरवायची तर एकाच घरातली शिधापत्रिकेवरची नावं मोजून गावात किती दुकानं आहेत हेही ठरवता येईल.

बरं, जी खरोखर विकतात त्यांच्याकडे या. नेटवर्क सोल्यूशन्स, रजिस्टर डॉट कॉम, डोमेन डॉट कॉम, ब्लूहोस्ट, होस्टगेटर, बिगरॉक, रिसेलरक्लब. पाट्या सात, मालक एक: न्यूफोल्ड डिजिटल. एन्ड्युरन्स इंटरनॅशनल आणि वेब डॉट कॉम या दोन कंपन्या २०२१ मध्ये एकत्र करून ती उभी राहिली. यातली बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही तर आपल्या मुंबईची लेकरं. तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या डायरेक्टीची ती दुकानं. २०१४ मध्ये एन्ड्युरन्सकडे गेली. "आम्ही परदेशी कंपनीकडून घेत नाही, इथल्याच एका मुलाकडून घेतो" असं मला अनेकजण अभिमानाने सांगतात. त्या मुलाने दिलेल्या डोमेनचं हूइज, म्हणजे त्याची जाहीर नोंद, काढलं की रजिस्ट्रारच्या रकान्यात बऱ्याचदा पब्लिकडोमेनरजिस्ट्री येतं. ते याच घराण्यातलं. मुलगा प्रामाणिक आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या दुकानातला माल कुठून येतो ते त्यालाही माहीत असतं.

एकाच घराण्यातली दुकानं असली की काय होतं ते २ ऑगस्ट २०१३ ला दिसलं होतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो इथल्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, जस्टहोस्ट, होस्टमॉन्स्टर सगळे एकदम आडवे. सावधगिरी म्हणून एक साइट एका कंपनीत आणि दुसरी 'प्रतिस्पर्धी' कंपनीत ठेवणाऱ्यांच्या दोन्ही साइट त्या दिवशी बंद होत्या.

याहून बोलकी गोष्ट त्या सात पाट्यांमधल्या पहिल्या दोन नावांची आहे. १९९० च्या दशकात डॉट कॉम विकायचा मक्ता एकट्या नेटवर्क सोल्यूशन्सकडे होता. १९९५ पासून दोन वर्षांचे १०० डॉलर, नंतर ७०. घ्या नाहीतर राहू द्या. १९९९ मध्ये हा मक्ता मोडून इतरांना विक्री खुली केली, तेव्हा पहिल्या तुकडीतल्या पाच स्पर्धकांपैकी एक होती रजिस्टर डॉट कॉम. आज दोघी एकाच छताखाली आहेत.

मेसेजवाल्याला इथे एक श्रेय द्यायला हवं. १९९९ च्या त्या निर्णयाने किरकोळ भाव खरोखर पडले. वर्षाला ३५ डॉलरचं नाव काही वर्षांत दहाच्या आत आलं. दुकानांत स्पर्धा आहे, हे मी नाकारत नाही. पण दुकानं पीठ विकतात, दळत नाहीत.

डॉट कॉमची गिरणी, म्हणजे रजिस्ट्री, व्हेरिसाइन या कंपनीची. तुम्ही कुणाहीकडून घ्या, प्रत्येक नावामागे दरवर्षी तिचा घाऊक दर भरावाच लागतो. २००० मध्ये तो ६ डॉलर होता. २०१२ ला ७.८५ वर आल्यावर अमेरिकी सरकारने तो गोठवला, २०१८ मध्ये पुन्हा मोकळा सोडला: सहा वर्षांच्या मुदतीत शेवटची चार वर्षं दरवर्षी ७ टक्क्यांपर्यंत वाढवा. कंपनीने एकही संधी सोडली नाही. २०२१ ला ८.३९, २०२२ ला ८.९७, २०२३ ला ९.५९, १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६. या चार वर्षांत सर्व्हर, साठवण, बँडविड्थ यातलं काय ३० टक्क्यांनी महागलं? आणि नावं तर १५ कोटींच्या वर, म्हणजे एका नावामागचा खर्च नगण्यच. कंपनीचा २०२४ चा हिशेब बघा: दीड अब्ज डॉलरच्या थोडा वर महसूल, आणि त्यात दर शंभरामागे सुमारे ६८ चालू नफा. किराणा दुकानदाराला हा आकडा सांगून बघा, तो खुर्चीवरून उठेल.

यंत्रणा भक्कम आहे, ती बंद पडत नाही, हे मान्य. पण मुदत संपल्यावर या कामाची निविदा निघत नाही. मोठी चूक केली नसेल तर करार त्याच कंपनीकडे राहणार, असं करारातच लिहिलेलं आहे. गिरणी बदलता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर आपल्या डॉट इनकडे बघावं. डॉट इन सांभाळणारी निक्सी ही संस्था ते तांत्रिक काम निविदा काढून देते. २०१९ मध्ये ते अफिलियासकडून न्यूस्टारकडे गेलं, पुढे टुकाउजकडे. तुमच्या डॉट इन साइटला त्या रात्री काही झालेलं आठवतंय? मलाही नाही. (मधल्या काळात न्यूस्टारचा तो विभाग २०२० मध्ये गोडॅडीने विकत घेतला होता, म्हणजे सर्वांत मोठ्या दुकानदाराच्या हातात गिरणीचा दांडाही आला. दुकान आणि गिरणी एका मालकाची नसावी हा नियम आयकॅनने २०१० च्या अखेरीस सोडून दिला, त्यामुळे हे नियमातच बसलं.)

आता ९९ रुपये. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी डॉट कॉमचा घाऊक दरच ८७० च्या पुढे जातो. मग दुकानदार ते ९९ ला कसं देतो? पदरचे पावणेआठशे घालून. ही स्पर्धा आहेच, पण ती पहिल्या वर्षाच्या गिऱ्हाइकासाठी. दुसऱ्या वर्षी तुमच्या पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोच्या मागे ते नाव छापलेलं असतं आणि तुम्ही कुठे जाणार नाही हे त्याला ठाऊक असतं. शिवाय सोबतच्या वस्तू असतातच. एसएसएलचंच बघा, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ च्या अखेरीपासून ते फुकट देतंय, तरी वर्षाला दोन-तीन हजारांचं एसएसएल लावलेली बिलं आजही माझ्याकडे येतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

होस्टिंगचं तेच. २०१९-२० च्या सुमाराला एकमेकांशी संबंध नसलेल्या कितीतरी होस्टनी दर वाढवले आणि लोकांना वाटलं संगनमत आहे. संगनमत नव्हतं. सगळ्यांचं कंट्रोल पॅनेल, म्हणजे सर्व्हर आणि साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर, सीपॅनेलचं. २०१८ मध्ये ते ओकली कॅपिटल या गुंतवणूकदाराने घेतलं, ज्याच्याकडे प्लेस्क हा त्याचा मुख्य स्पर्धक आधीच होता. पुढच्याच वर्षी सर्व्हरमागे एक ठोक रक्कम जाऊन खात्यांच्या संख्येवर आकारणी आली. एका सर्व्हरवर दोनशे गिऱ्हाइकं ठेवणाऱ्या छोट्या होस्टचं कंबरडं मोडलं.

"दुसरं एक्स्टेंशन घ्या" यावर फार लिहायला नको. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याला डॉट ऑनलाइन देऊन बघा. त्याचं गिऱ्हाईक पुढे डॉट कॉम लावूनच टाइप करणार. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००८ मध्येच लिहून ठेवलं होतं की नवी एक्स्टेंशन आल्याने डॉट कॉमची बाजारातली ताकद फारशी कमी होणार नाही. आणि नव्यांच्या दरांना तर तशी मर्यादाही नाही. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्रीने डॉट होस्टिंगसारख्या काही एक्स्टेंशनचे दर अनेक पटींनी वाढवले, तेव्हा गोडॅडीने तिची एक्स्टेंशन नव्याने विकणंच थांबवलं. गोडॅडीला ते परवडलं. ज्याने आधीच नाव घेतलं होतं, त्याने काय करायचं?

राहता राहिलं "पाच मिनिटांत दुसरीकडे जा". जाता येतं, आणि त्याचा धाकही बसतो. डिसेंबर २०११ मध्ये 'सोपा' (SOPA) या ऑनलाइन चाचेगिरीविरोधी अमेरिकी विधेयकाला पाठिंबा दिला म्हणून लोक गोडॅडीतून नावं हलवू लागले, तेव्हा कंपनीने दोनेक दिवसांत पाठिंबा मागे घेतला. पण ते करणारे लोक ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवायला लागणारा पासवर्ड) म्हणजे काय हे जाणणारे होते. ज्याच्यासाठी हा मेसेज फिरतोय त्याची गोष्ट अशी असते:

ते हळदवाले काका. कंपनीचं नाव सांगत नाही. डोमेन सहा वर्षांपूर्वी पुतण्याने घेतलेलं, स्वतःच्या ईमेलवर. पुतण्या आता परदेशात, तो ईमेल बंद. "अगं, ओटीपी त्याच्याकडं जातोय, आन् तो म्हणतोय आलाच न्हाई," काका फोनवर. कंपनीला आधार, जीएसटी प्रमाणपत्र, लेटरहेडवर विनंती असं सगळं पाठवून अकरा दिवसांनी ईमेल बदलून मिळाला. मी लगेच दुसरीकडे हलवायला घेतलं, तर ट्रान्सफर बंद. मालकाच्या नोंदीतला ईमेल बदलला की ६० दिवस नाव हलवता येत नाही, असा आयकॅनचा नियम आहे. चोरी रोखण्यासाठीच आहे, चांगला आहे. बदल करण्याआधी ती अट नको म्हणायची सोय रजिस्ट्रार देऊ शकतो. या कंपनीने दिली नव्हती, किंवा दिली असेल तर आम्हाला दिसली नाही.

रिन्यूअलची तारीख ४३ दिवसांवर होती. नाव सुटलं असतं तर परत मिळवण्याचा दंड वेगळाच, आणि काकांच्या पोत्यांवर तेच छापलेलं. काकांनी जुन्याच कंपनीला पैसे भरले. बिलात 'डोमेन सुरक्षा' नावाच्या एका ओळीवर आधीच टिक केलेली होती, ५९९ रुपयांची. तेवढी मी काढली.