पायथनमधल्या 'मॅच'मुळे जुना कोड मोडत नाही

"पायथन ३.१० पासून 'मॅच' आणि 'केस' राखीव शब्द झालेत, व्हेरिएबलला ही नावं दिली असतील तर अपडेट करताच प्रोग्रॅम बंद पडेल," असा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे.

हे दोन्ही 'सॉफ्ट कीवर्ड' आहेत, म्हणजे ठरावीक जागीच राखीव असलेले शब्द. ओळीच्या सुरुवातीला 'मॅच', पुढे तपासायची व्हॅल्यू, शेवटी कोलन आणि खाली 'केस'चा ब्लॉक अशी रचना असेल तरच पायथन त्यांना वेगळा अर्थ देतो. एरवी ती साधी नावं. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या पद्धतीच्या) मॉड्यूलमधलं 'मॅच' फंक्शन आणि त्याचा निकाल 'मॅच' याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवणाऱ्या जुन्या ओळी म्हणूनच जशाच्या तशा चालतात. ३.९ मध्ये पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) बदलला, त्यामुळे हे जमलं.

भीती कुठून आली असेल हे समजू शकतं. २०१८ मध्ये ३.७ आलं तेव्हा 'असिंक' हा शब्द खरोखरच पूर्ण राखीव झाला आणि ते नाव वापरणाऱ्या काही लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) मोडल्या.

"मॅच म्हणजे सी भाषेतला स्विचच," म्हणजे व्हॅल्यूची एकेका पर्यायाशी तुलना करणारी रचना, हेही अर्धवट आहे, आणि माझ्या मते जास्त धोक्याचं. 'केस'पुढे नुसतं 'लिमिट' असं नाव लिहिलंत तर तुलना होतच नाही. आलेली व्हॅल्यू 'लिमिट'मध्ये भरली जाते आणि आधीची जाते. तो शेवटचा 'केस' असेल तर एररसुद्धा येत नाही. तुलनाच हवी असेल तर 'कॉन्फिग.लिमिट' असं टिंब असलेलं नाव द्या.