ग्रॅज्युएट स्कूलचा गौरवग्रंथ कसा लिहावा

तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी विद्यापीठात निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे प्राध्यापक असाल, तर एक ना एक दिवस डीनचा फोन येणारच. ग्रॅज्युएट स्कूलला, म्हणजे आपल्या पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विभागाला, शंभर वर्षं होताहेत, तेवढा इतिहास लिहून द्या. नाही म्हणू नका, काम सोपं आहे. पथ्य एकच: जे चांगलं घडलं ते कुणाच्या तरी दूरदृष्टीने घडलं आणि बाकीचं सगळं ‘तत्कालीन परिस्थितीमुळे’.

सुरुवात बर्लिनपासून करा, सगळेच करतात. १८१० साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या प्रशियन विचारवंताच्या कल्पनेतून तिथं विद्यापीठ उभं राहिलं, प्राध्यापकाने शिकवावंही आणि शोधावंही असं ठरलं, आणि पुढे अमेरिकन तरुण जर्मनीत जाऊन डॉक्टरेट घेऊन येऊ लागले. १८६१ मध्ये येलने अमेरिकेतल्या पहिल्या तीन पीएचडी दिल्या, तेही लिहा, पण एका ओळीत उरका. येल खासगी आहे. दुसऱ्याच्या देवाची आरती आपण कशाला करायची?

मग येते जमीन. १८६२ च्या मॉरिल कायद्यावर लिंकनने सही केली. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, राज्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३० हजार एकर जमीन द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं चालवायची. आजची कित्येक मोठी सरकारी विद्यापीठं या पैशावर उभी राहिली. इथे ‘जमीन मिळाली’ एवढंच लिहा. कुणाकडून मिळाली या खोलात शिरलात, तर सुमारे अडीचशे मूळनिवासी जमातींची कोटीभर एकर जमीन निघते, कुठे कवडीमोलाने घेतलेली, कुठे एक छदामही न देता. हे वाचून देणगीदारांचा मूड जातो.

त्यानंतर पहिली डॉक्टरेट. मिशिगनने १८७६ मध्ये सुरुवात केली, कॅलिफोर्नियाने १८८५ मध्ये. विस्कॉन्सिनची गोष्ट मात्र गौरवग्रंथासाठीच घडल्यासारखी आहे. १८९२ ची त्यांची पहिली पीएचडी चार्ल्स व्हॅन हाइज यांना मिळाली. ते तिथंच भूगर्भशास्त्र शिकवत होते आणि १९०३ मध्ये तिथलेच प्रेसिडेंट, म्हणजे कुलगुरू, झाले. घरचाच मास्तर, घरचीच पदवी, घरचीच खुर्ची. तुमच्याकडे असा कुणी असेल तर त्याला पूर्ण पान द्या.

१९०० साली १४ विद्यापीठांनी एकत्र येऊन संघटना काढली. अमेरिकन पदव्यांना युरोपात मान मिळावा आणि कुणीही उठून डॉक्टरेट वाटू नये, ही त्यामागची काळजी. त्या चौदांत सरकारी तीनच होती: कॅलिफोर्निया, मिशिगन, विस्कॉन्सिन. तुमचं नाव नसेल तर ‘याच सुमारास आपल्याकडेही वैचारिक मंथन सुरू होतं’ असं लिहा. मंथनाला पुरावा लागत नाही. तीन वर्षांनी हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी पीएचडीच्या या वेडाला ऑक्टोपस म्हणून घेतलं. त्यांच्याकडे स्वतःची पीएचडी नव्हती, असं तळटीपेत टाका. आक्षेपाची परस्पर वासलात लागते.

आता खरी कसोटी. बहुतेक लेखक इथे अडखळतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. ओक्लाहोमा विद्यापीठात जॉर्ज मॅक्लॉरिन नावाचे कृष्णवर्णीय शिक्षक शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करू पाहत होते. विद्यापीठाने वंशाचं कारण देऊन प्रवेश नाकारला. १९४८ मध्ये कोर्टाच्या दट्ट्यामुळे घ्यावं लागलं, तेव्हा त्यांना वर्गाला लागून असलेल्या छोट्या खोलीत बसवलं. ग्रंथालयात मुख्य वाचनकक्ष बंद, पोटमाळ्यावर वेगळं टेबल. जेवणाचं टेबलही वेगळं आणि वेळही वेगळी. व्यवस्था बारकाईने केली होती, हे कबूल करायला हवं. एका माणसाला शिकू देऊनही सोबत न घेण्यासाठी एवढं नियोजन आजच्या कुठल्याही समितीला झेपणार नाही. जून १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळं एकमताने घटनाबाह्य ठरवलं.

हे लिहायचं कसं? ‘१९४८ साली विद्यापीठाने सर्वांसाठी दार उघडलं.’ वाक्य खोटं नाही. दार उघडं होतंच. मॅक्लॉरिन त्या उघड्या दारातूनच पलीकडचा फळा पाहत बसायचे. सुप्रीम कोर्टाचा उल्लेख टाळता येत नसेल तर ‘विद्यापीठाने या ऐतिहासिक निकालात मोलाची भूमिका बजावली’ असं लिहा. प्रतिवादीशिवाय खटला होतो का?

पुढची पानं पैशाची, ती भराभर लिहून होतात. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि दूरदृष्टी आपल्या प्रेसिडेंटना आली. १९५८ च्या संरक्षण शिक्षण कायद्याने फेलोशिपा आल्या, प्रयोगशाळा वाढल्या. फेलोशिप घेणाऱ्याला सरकार उलथवू पाहणाऱ्या संघटनांशी आपला संबंध नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे, १९६२ पर्यंत. ते गाळा. १९७० च्या सुमारास पीएचडीवाले जास्त आणि प्राध्यापकाच्या जागा कमी झाल्या, तेही गाळा. ‘आमचे माजी विद्यार्थी विविध क्षेत्रांत चमकले’ या ओळीत ते बसतं.

टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवायला मदत करणारे संशोधक विद्यार्थी) मंडळींचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. पदवीचे वर्ग फुगले, प्राध्यापक संशोधनात गढले, मग शिकवायला आणि पेपर तपासायला कोण उरलं? हेच. यांच्याबद्दल विद्यापीठाची भूमिका नेहमी ठाम राहिली आहे: पगार मागितला की ते विद्यार्थी, गठ्ठे तपासायचे असले की कर्मचारी. विस्कॉन्सिनमध्ये १९६६ साली त्यांनी संघटना काढली, १९७० मध्ये २४ दिवस संप केला आणि करार पदरात पाडून घेतला. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२२ मध्ये टीए, संशोधन सहायक, पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन करणारे) असे ४८ हजार जण एकदम बाहेर पडले, तेव्हा कामाचा डोंगर कुणाच्या खांद्यावर होता ते ऐन परीक्षेच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं. गौरवग्रंथात ‘विद्यार्थी-प्रशासन संवादाची समृद्ध परंपरा’ असं उपशीर्षक द्या आणि खाली दीक्षान्त समारंभाचा फोटो छापा. टोप्या हवेत उडत असल्या की पगारपत्रक कुणाला आठवत नाही.

एवढं सगळं कोण शोधणार, अशी चिंता नको. अभिलेखागारातल्या धुळीत बसायला इतिहास विभाग एक संशोधक विद्यार्थी देईल, आठवड्याला वीस तासांवर. पहिला मसुदाही तोच लिहील, तुम्ही फक्त ‘दूरदृष्टी’ घाला. त्याचं नाव ऋणनिर्देशात येऊ द्या, छपाईवाल्याच्या आधी की नंतर ते समिती ठरवेल. त्याची नेमणूक मे महिन्यात संपते, तेव्हा प्रकाशन सप्टेंबरात ठेवा.