एक स्टार देणाऱ्या पक्षकार दादांना आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या वकिली कार्यालयाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. वडील गेल्यानंतर आठ महिने तुम्हाला फेऱ्या माराव्या लागल्या, मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

तुम्ही लिहिलंय की साध्या सक्सेशनला, म्हणजे वारस ठरवण्याच्या दस्ताला, आठ महिने लावले, कोल्हापूरच्या मित्राचं काम महिन्याभरात झालं, फी जास्त घेतली, वडिलांनी घर तुम्हाला द्यायचं म्हणून स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद आम्ही बाजूला ठेवला. आणि शेवटी लिहिलंत, "बहिणी सही करायला तयारच होत्या. या बाईंनी त्यांना आणि त्यांच्या नवऱ्यांना बसवून सगळा कागद समजावून सांगितला आणि आमच्या घरात भांडण लावलं." बाकीचं मी ऐकून घेतलं असतं. हे शेवटचं वाक्य मात्र मनातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही स्वतः इथे जे मांडलंत तेवढ्यावरच बोलेन. पक्षकाराचं बाकी काही उघड करणं वकिलाला शोभत नाही, आणि तुमचं नावही मी घेणार नाही.

वेळेचं आधी सांगते. गणेश चवथीच्या आत काम होईल असा शब्द मी दिला नव्हता. चवथीला सगळी भावंडं गावात असतात, तेव्हा सह्या घेणं सोपं पडतं, असं म्हटलं होतं. धाकटे मेव्हणे बोटीवर आहेत हे तुम्हीच लिहिलंत. परदेशात असलेल्या माणसाला इथल्या दस्तासाठी मुखत्यारपत्र करायचं तर ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत जाऊन करावं लागतं, आणि इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लागावा लागतो. बोट बंदराला लागेपर्यंत माणूस तिथे जाणार कसा? त्यात जमिनीचा मूळ दस्त पोर्तुगीजमधला. त्याचं भाषांतर करून देणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. हे दिवस माझ्या टेबलावर गेले नाहीत.

फी पहिल्याच भेटीत सांगितली होती. मुद्रांक, नोंदणी, वर्तमानपत्रातली नोटीस हे पैसे माझे नव्हेत, त्यांच्या पावत्या तुमच्याकडे आहेत.

आता कोल्हापूर. ही तुलना माझ्या टेबलासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकायला मिळते, आणि त्यात तुमचा काही दोष नाही, कारण हे कोणी नीट सांगतच नाही. तुमच्या मित्राला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागतो. तिथे बहीण वारस असते, तिचा नवरा नसतो. ती एकटी सही करून हक्क सोडू शकते. तो कायदा गोव्यात लागू नाही. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोवा मुक्तीनंतरही चालू राहिली, आणि वारशापुरता आता आपला स्वतःचा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा आहे, जो २०१६ पासून अमलात आला. धर्म कोणताही असो, गोंयकाराला हाच. सर्वोच्च न्यायालयाने तर २०१९ साली सांगितलं की गोंयकाराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला हाच कायदा लागतो.

या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, प्रत्येकाची निम्मी. त्यात माहेरहून वारशाने आलेलंही येतं. म्हणून सक्सेशन डीडमध्ये मुलीच्या नावाबरोबर जावयाचं नाव येतं, आणि हक्कसोड किंवा विक्री असेल तिथे जावयाची सही लागते. तुमच्या बायकोची सहीसुद्धा याच कारणाने लागते, त्याबद्दल मात्र तुमची तक्रार दिसली नाही. बहिणीचं लग्न कुठे झालं, कुठे नोंदलं, आधी करार झाला होता का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते ते चौकशीची हौस म्हणून नाही.

जावयांना मी मध्ये आणलं नाही, दादा. बहिणींची लग्नं नोंदली गेली त्या दिवशीच ते मध्ये आले. उद्या तुम्ही त्या घरावर कर्ज काढायला गेलात तर बँकेचा वकील आधी हेच बघेल की बहिणींच्या नवऱ्यांच्या सह्या कुठे आहेत. तेव्हा मेव्हणा कोणत्या समुद्रात असेल देव जाणे.

वडिलांच्या कागदाबद्दल. तुम्ही लिहिलंत की मी त्याला चिठोरं म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडी कधीच आला नसता. वडिलांचं अक्षर आहे ते, मी तो कागद दोन्ही हातांनी परत केला होता. पण महाराष्ट्रात दोन साक्षीदारांसमोर घरी लिहिलेलं मृत्युपत्र चालतं, तसं आपल्याकडे चालत नाही. इथे विल विशेष नोटरीसमोरच करावं लागतं, म्हणजे आपल्या सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात. आणि तिथे जाऊन केलं असतं तरी पूर्ण घर तुमच्या नावे झालं नसतं. हे मी बोटं मोजून सांगितलं होतं, पुन्हा सांगते, कारण इतरही वाचतील.

समजा साठ लाखांचं घर आहे, आई हयात आहे आणि तीन मुलं आहेत. तीस लाख आईचे. ते वारशाने आलेले नाहीत, ते पहिल्यापासून तिचेच. उरलेले तीस वडिलांचे. त्यातल्या निम्म्याचं, म्हणजे पंधरा लाखांचंच विल वडिलांना करता येतं. बाकीचे पंधरा मुलांना समान जातात, पाच-पाच, आणि ते बाप मर्जीने काढून घेऊ शकत नाही. विल नसेल तर वडिलांच्या तीस लाखांचे सरळ दहा-दहा. मुलगा असो वा मुलगी, लग्न झालेलं असो वा नसो. देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीच्या हक्कासाठी २००५ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडे आज्यांच्या काळापासून तो आहे. मला या कायद्याचा अभिमान वाटतो, हे मी लपवत नाही.

म्हणजे तुमच्या बहिणी "फक्त सही" करणार नव्हत्या. साठ लाखांच्या घरात दहा लाखांची सही करणार होत्या. भावावरच्या मायेने करणार असतील तर मी त्यांना नमस्कार करते. असे कितीतरी दस्त मी केले आहेत, त्यात बहिणी हसत सही करून भावाकडे जेवायला गेल्या आहेत. पण आपण काय सोडतोय हे माहीत असलं तरच त्याला सोडणं म्हणता येईल. सही करणाऱ्याला कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही. तुमच्या बहिणींसाठी वेगळं काही केलं नाही. तुम्ही सही करणार असता तर तुम्हालाही तसंच बसवलं असतं.

"तयारच होत्या" असं तुम्ही लिहिता, आणि पुढच्याच वाक्यात लिहिता की आता एक बहीण "विचार करून सांगते" म्हणते. दादा, तिला विचार करायला माझ्या वाचण्याने लावलं असेल तर तो विचार तिचाच होता. मी तिला सही करू नको म्हटलं नाही, कर असंही म्हटलं नाही. माझी फी तुम्ही भरत होता म्हणून तिला अंधारात ठेवणं माझ्या कामात येत नाही. आणि ठेवलं असतं तर? न समजता घेतलेली सही कोर्टात टिकेलच असं नाही. पाच-दहा वर्षांनी एखाद्या भाच्याने दावा घातला असता आणि तेव्हा तुम्ही माझ्याच दारात येऊन विचारलं असतं की बाई, तेव्हा का नाही सांगितलंत. डिचोली, सत्तरी, पेडण्यात अशा दाव्यांनी कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, पडीक पडलेली मी पाहिली आहेत. पोफळींना पाणी घालायचं कोणी हाच निकाल लागलेला नसतो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी कार्यालयातल्या मुलीशी तुम्ही ज्या आवाजात बोललात, तो तुमच्या अभिप्रायात आलेला नाही. ती रोज होंड्याहून बसने येते, सगळ्यांच्या फायली तिला पाठ आहेत. तिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. माझ्यावर रागवा, मी ऐकेन. पुन्हा आलात तर तिच्याशी दोन शब्द बरे बोला, एवढीच विनंती.

वकिलाला जाहिरात करायची मुभा नाही. आमच्याकडे माणसं येतात ती शेजाऱ्याने सांगितलं म्हणून, आणि आजकाल हे स्टार बघून. मोठ्या शहरातल्यासारखे चार ज्युनिअर माझ्याकडे नाहीत. "घरात भांडण लावणारी वकील" असं वाचून एखादी विधवा बाई आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा पिशवीत घालून परस्पर एजंटाकडे गेली, तर माझा धंदा गेला हे आहेच, पण त्या एजंटाच्या कोऱ्या कागदावर तिचा अंगठा गेला तर तो परत मिळत नाही. म्हणून हे एवढं लांब लिहावं लागलं.

कोणते कागद लागतात, कोणाकोणाच्या सह्या लागतात, कशाला अंदाजे किती वेळ जातो, हे पहिल्या भेटीतच मराठीत लिहून द्यायचं आम्ही ठरवलं आहे. दुपारी फोन लागत नाही असंही काही जण म्हणतात, त्याचंही बघतो.

तुमच्या कामाचं म्हणाल तर सक्सेशन डीड झालेलं आहे, ते वाया गेलेलं नाही. त्याने वारस कोण एवढं ठरलं, वाटणी झाली नाही. बहिणींनी हक्क सोडला तर हक्कसोडीचा मसुदा तयार आहे. नाही सोडला तर आपसात वाटणीपत्र करता येईल, आणि तेही जमलं नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत वाटणी. तिथे वाटेकऱ्यांमध्येच बोली लागते आणि जो जास्त बोलेल तो बाकीच्यांचे पैसे देऊन घर घेतो. घर तुमच्याकडे राहायला तोही रस्ता आहे, आणि त्यात कोणाचं तोंड फिरवायची गरज पडत नाही. आईच्या अर्ध्या भागाचं काय करायचं हे आईला विचारा. ते विचारलेलं मी अजून ऐकलं नाही.

दुसऱ्या वकिलाकडे जायचं असेल तर ना-हरकत लगेच देईन, त्याचे पैसे नाहीत. मृत्यूचा दाखला, लग्नांचे उतारे आणि तो पोर्तुगीज दस्त भाषांतरासह एका पाकिटात घालून ठेवला आहे. मूळ कागद असल्याने पोस्टाने पाठवत नाही. शनिवारी एक वाजेपर्यंत कार्यालय उघडं असतं. तुम्ही किंवा मोठ्या ताई, कोणीही येऊन वहीत सही करून घेऊन जा.