पडण्याचं लायसन्स

अमेरिकेत ग्लायडर उडवायच्या परवानगीसाठी दिलेली माझी फाईल परत आली. कागद सगळे जागच्या जागी, फक्त लायसन्सच्या झेरॉक्सवर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: 'इंजिन?'

कागदपत्रं करून देणारे हे गृहस्थ एरवी विमानवाल्यांच्या फायली अमेरिकेला धाडतात. त्यांच्या तक्त्यात एक इंजिन आणि अनेक इंजिनं असे दोनच रकाने. शून्याला रकाना नाही. पैसे मात्र शून्य घेतले नाहीत. म्हटलं, घरीच करू. म्हणून स्कॅन काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी लायसन्स काचेवर ठेवायच्या आधी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.

"ग्लायडर म्हणजे?"

"बिनइंजिनाचं विमान."

"मग वर कसं जातं?"

मी आपला सांगत बसलो. हडपसरला विंच आहे. मैदानाच्या एका टोकाला इंजिन आणि ड्रम, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये लांबलचक दोर. ड्रम फिरला की दोर गुंडाळला जातो आणि ग्लायडर अर्ध्या-पाऊण मिनिटात तीन-चारशे मीटर वर.

"म्हणजे पतंग."

"पतंगच. फक्त वर गेल्यावर मांजा आपणच सोडायचा."

"आणि मग पडायचं."

"पडत नाही हो काका, घसरतं. चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून तीस-पस्तीस किलोमीटर लांब जातं. मध्ये वर चढणारी गरम हवा सापडली तर तिच्यात गोल गोल फिरत आणखी वर जायचं."

"नाही सापडली तर?"

"तर... खाली."

"तेच म्हणतोय मी. पडतं. सावकाश पडतं."

मागे आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेल्या बाई होत्या. त्यांना राहवेना. "पण इंजिनच नाही तर लायसन्स कशाला? आमच्या ह्यांनी ती बॅटरीची स्कूटर घेतलीय, पंचविसाच्या वर पळतच नाही, तिला नाही लागत."

"ताई, ते चालवायचं लायसन्स," काका म्हणाले. "हे पडायचं. पडायचं लायसन्स लागणारच. आणि अमेरिकेत पडायचं तर त्यांना नको विचारायला? जमीन त्यांची."

अमेरिकेच्या विमान नियमातलं ६१.७५ हे कलम इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कलम असं: तुमच्या देशाचं लायसन्स चालू असेल तर त्याच्या आधारावर तिथलं खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळतं. उड्डाणाची परीक्षा नाही. युरोपात हेच करायला गेलात तर हवाई कायदा आणि मानवी क्षमता या दोन विषयांचे पेपर द्या, वर परीक्षकासोबत उडून दाखवा. त्यामानाने अमेरिका स्वस्त. पण त्या प्रमाणपत्रावरच छापलेलं असतं की भारतीय लायसन्स सोबत असेल तरच हे वैध, आणि त्या लायसन्सवरच्या सगळ्या मर्यादा इथेही लागू. म्हणजे सासरी गेलं तरी माहेरचा दाखला खिशात.

आधी ८०६०-७१ क्रमांकाचा, लायसन्सच्या पडताळणीचा फॉर्म. तो अमेरिकेच्या विमान खात्याच्या ओक्लाहोमा सिटीतल्या कचेरीत जातो, तिथले लोक आपल्या देशाला विचारतात की हा माणूस खरा का. याला ४५ ते ९० दिवस धरायचे. मग जे पत्र येतं ते सहा महिनेच चालतं, आणि तेवढ्यात त्याच खात्याच्या ठरलेल्या विभागीय कार्यालयात आगाऊ वेळ घेऊन स्वतः हजर व्हायचं. नेवाडातल्या मिंडेनला उन्हाळ्याच्या थर्मल्समध्ये, म्हणजे त्या वर चढणाऱ्या गरम हवेत, उडायचं असेल तर अर्ज फेब्रुवारीत टाका. हौसेने आदल्या सप्टेंबरात टाकलात तर ऐन जूनमध्ये पत्र मरतं.

सगळ्यात मोठा खड्डा नावाचा. आपण दहावीच्या सर्टिफिकेटपासून आडनाव आधी लिहायला शिकलेलो. मग स्वतःचं, मग वडिलांचं. त्या सवयीने फॉर्म भरला की वडील आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतात. लायसन्स, पासपोर्ट आणि फॉर्म, तिन्हीकडे नाव अक्षरशः एकच हवं. आमच्या तीर्थरूपांना उंच शिडीचीही भीती. त्यांच्या नावाने ग्लायडरचं प्रमाणपत्र निघणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता.

अमेरिकेत राहत नसाल तर तिथला पत्ता असलेला, अठरा वर्षांवरचा कुणीतरी 'एजंट' नेमावा लागतो. सरकारी टपाल घेणं एवढंच त्याचं काम. पोस्ट बॉक्स चालत नाही. न्यूजर्सीच्या मावसभावाने लगेच हो म्हटलं आणि पुढचा पाऊण तास त्याच्या डेकच्या सुताराबद्दल सांगितलं.

एवढं करूनही लगेच उडता येत नाही, आणि इथे मात्र मला खरंच राग येतो. प्रमाणपत्र हातात असलं तरी फ्लाइट रिव्ह्यू हवा: तासभर जमिनीवरची उजळणी, आणि तासभराच्या उड्डाणाऐवजी ग्लायडरवाल्यांना प्रशिक्षकासोबत तीन उड्डाणं चालतात. शिवाय आपण विंचवर शिकलेलो, तिथे बहुतेक ठिकाणी विमान ओढून नेतं. त्या पद्धतीची वेगळी नोंद लॉगबुकात प्रशिक्षकाच्या सहीने लागते. हे कुणी आधी सांगत नाही. खिसा रिकामा झाल्यावर कळतं. नोंद मात्र फालतू नाही. साधारण ६० मीटरच्या दोरामागे ग्लायडर फार वर चढलं तर पुढच्या विमानाची शेपटी उचलली जाते आणि ते नाक खाली घालतं. जमिनीजवळ हे झालं तर ओढणाऱ्याला सावरायला जागाच नसते.

आणि मुठीचा रंग. तिथल्या जुन्या श्वाइट्झर ग्लायडरमध्ये दोर सोडायची मूठ लाल. आपल्या ओळखीच्या युरोपीय ग्लायडरमध्ये ती पिवळी, आणि लाल मूठ डोक्यावरची काच उडवून द्यायची. सवयीचा हात कुठे जाईल ते बसल्या बसल्याच तपासावं.

वैद्यकीय प्रमाणपत्र? ग्लायडर उडवायला तिथे लागतच नाही. आपल्याला काही दुखणं आहे हे ठाऊक असेल तर उडू नये, बस. तरी इथलं जोडलं. जादा कागदाने कुणाचं बिघडलंय?

काकांनी दोन्ही बाजूंचे वीस रुपये घेतले आणि स्कॅन पेनड्राइव्हवर टाकून दिले. घरी येऊन मी ते न बघता अर्जाला जोडले, पाठवले, पोचल्याचा ईमेलही आला. त्यात जोडलेल्या फाइलींची यादी होती. पासपोर्ट. मेडिकल. आणि तिसरी, काकांनी दिलेल्या नावानिशी: 'पडणारे साहेब फायनल २'.