शाई फासते म्हणून बाटलीत स्पिरिट ओतू नका

सध्या सगळीकडे फिरणारा सल्ला असा: फाउंटन पेनने लिहिलेलं फासत असेल तर शाईच्या बाटलीत झाकणभर स्पिरिट किंवा सॅनिटायझर घाला, भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, पाणी मात्र घालू नका, रंग उडतो. पक्की शाई हवी तर ड्रॉइंग इंक मिसळा. यातलं जवळजवळ सगळं चूक आहे आणि त्यापायी चांगली पेनं बाद होतात.

‘स्पिरिटने शाई लवकर वाळते.’ वाळते, पण कशी ते बघा. ही शाई मुख्यतः कागदात शोषली जाऊन वाळते. स्पिरिटमुळे तिचा पृष्ठताण उतरतो आणि ती कागदाच्या तंतूंतून सुसाट पसरते. अक्षर फुटतं, मजकूर मागच्या पानावर उमटतो, आणि रंग वर राहण्याऐवजी आत गेल्यामुळे अक्षर फिकं दिसतं. शिवाय निबच्या टोकाशी स्पिरिट उडून जातं, म्हणून टोपण काढून ठेवलेलं पेन पुन्हा चालू होताना अडतं. अॅक्रिलिकच्या बॅरलला बारीक तडे जातात, जुन्या पेनांत शाईची रबरी पिशवी (सॅक) चिकटवलेली लाख सुटते. सॅनिटायझर त्याहून वाईट: त्यातलं ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं आणि जेल फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, चिरांत बसतं. पार्करने ‘५१’ या पेनासाठी १९४०च्या दशकात झटपट वाळणारी शाई काढली, तेव्हा ती इतर पेनांत भरू नका अशी ताकीद दिली होती. पेन आणि शाई दोन्ही बनवणाऱ्यांना जी काळजी घ्यावी लागली, ती झाकणाच्या मापाने घेता येणार नाही.

‘लिक्विडचे चार-पाच थेंब.’ तत्त्व बरोबर, माप घातक. ५ मिली शाईला टूथपिकच्या टोकाला लागेल एवढंच पुरतं. त्याहून जास्त झालं की निबवर थेंब जमून कागदावर पडतो. आणि हा उपाय फक्त कोरड्या, अडखळत चालणाऱ्या शाईचा आहे. मुळात भरपूर शाई सोडणाऱ्या पेनात तो उलटा पडतो.

‘पाण्याने रंग उडतो.’ इथे मात्र थांबून नीट बघायला हवं. आधी फासणं कुठलं ते ठरवा. एक ओळ लिहा. वेगवेगळ्या ठिकाणी १०, २० आणि ३० सेकंदांनी बोट फिरवा. दुसऱ्या दिवशी कोरडं बोट घासा, मग ओलं. पहिल्या काही सेकंदांतच फासत असेल तर दोष कागदाचा किंवा जाड निबचा. गुळगुळीत कागद शाई शोषत नाही. फाइन निब घ्या, टिपकागद ठेवा. फक्त ओल्या बोटाने जात असेल तर तो त्या रंगाचा स्वभाव आहे, शाईच बदला. पण दुसऱ्या दिवशी कोरड्या बोटालाही रंग लागत असेल, तर शाईत रंगद्रव्य इतकं जास्त आहे की त्याचा थर कागदावर तसाच बसून राहतो. लाल झाक मारणाऱ्या गडद निळ्या शायांत हे हमखास दिसतं. पावसाळ्याच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात, आणखीच.

या एका दुखण्यावर पाणी हेच औषध. २ मिलीच्या सिरिंजने १.८ मिली शाई आणि ०.२ मिली डिस्टिल्ड वॉटर छोट्या स्वच्छ बाटलीत मिसळा. त्याच पेनाने त्याच कागदावर लिहून परत चाचणी घ्या. फासतंच असेल तर १.६ ला ०.४, त्यापुढे जाऊ नका. थर आधीच गरजेपेक्षा जाड असल्याने रंगात फरक जेमतेम जाणवतो. लाल झाक मात्र कमी होते, ते खरं. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी काही शायांत गाळ धरतो. पाण्याने शाईतलं बुरशीरोधकही पातळ होतं, म्हणून एका भरण्यापुरतंच मिश्रण करा आणि उरलेलं मूळ बाटलीत कधीही परत ओतू नका.

‘ड्रॉइंग इंक मिसळा.’ अजिबात नको. तिच्यात बहुधा काजळी आणि लाख असते. फीडमध्ये वाळली की पाण्याने निघत नाही. पक्की शाई हवी तर फाउंटन पेनसाठीच बनवलेली पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) किंवा आयर्न गॉल (लोहक्षार आणि टॅनिनची) शाई घ्या, दुसऱ्या कशात न मिसळता भरा, पेन न वापरता पडून राहू देऊ नका आणि शाई बदलण्याआधी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.