सतरंज्या उचलणारा आंधळा नसतो

‘अंधभक्त’ ही हिंदीतून आलेली शिवी आपल्याकडे इतकी रुळली आहे की हल्ली राजकीय वादात दुसऱ्याच कमेंटला ती पडते. समोरून ‘चमचा’, ‘गुलाम’ येतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मला हा शब्द खटकतो, कारण तो हमखास चुकीच्या माणसाला चिकटतो.

अंधभक्त म्हटलं की आपल्याला गळ्यात उपरणं घालून घोषणा देणारा, बॅनर बांधणारा पोरगा आठवतो. पण सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता सहसा आंधळा नसतो. त्याला साहेबांची सगळी कुंडली पाठ असते. आमच्या वॉर्डातला एक जण रोज संध्याकाळी टपरीवर स्वतःच्याच आमदाराचा असा उद्धार करतो की विरोधकांनी वही-पेन घेऊन बसावं. “त्यांचं काय जातंय दादा, दारोदार आम्ही फिरतो. बाया रिकामे हंडे दाखवतात, काय सांगायचं त्यांना?” आणि दुसऱ्या दिवशी त्याच आमदाराच्या पत्रावर कुणाला तरी दवाखान्यात खाट मिळवून देतो. हा व्यवहार आहे. पटो न पटो, उघड्या डोळ्यांनी केलेला.

खरा आंधळा घरी सोफ्यावर असतो. शिकलेला, बऱ्या पगाराचा, नेत्याला आयुष्यात कधी न भेटलेला. त्याला ना तिकीट हवंय ना टेंडर. फुकटात भांडतो बिचारा, सख्ख्या मेव्हण्याशीसुद्धा.

२ जुलै २०२३ चा रविवार आठवा. त्याच्या पाचच दिवस आधी भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीच्या सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा हिशोब मांडला होता. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याची क्लिप तीन जणांनी टाकली. रविवारी दुपारी त्याच राष्ट्रवादीच्या अजितदादांनी शिंदे-भाजप सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि ग्रुपवर चिडीचूप. साधं ‘शुभ दुपार’सुद्धा नाही. अंधार पडल्यावर पहिला मेसेज आला: ‘मास्टरस्ट्रोक’. मग चाणक्य आले, राष्ट्रहित आलं. क्लिप टाकणाऱ्यांपैकीच एकाने लिहिलं, “आरोप होते, सिद्ध कुठे झाले?” ते मधले चार-पाच तास मला फार मोलाचे वाटतात. माणूस स्वतःचं मत शोधत नव्हता, वरून काय येतंय याची वाट बघत होता.

विरोधी बाजूने हसू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेना भाजपला सोडून काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत गेली, तेव्हा हेच उलट्या दिशेने झालं. जन्मभर काँग्रेसला शिव्या घातलेल्या आमच्या एका काकांना आठवडाभरात सोनिया गांधींचा समंजसपणा दिसू लागला. आणि आणीबाणीच्या काळात ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणणारे देवकांत बरुआ तर थेट काँग्रेसचे अध्यक्ष होते. तेव्हा ही काही २०१४ नंतरची लागण नव्हे.

नोटाबंदीचंही तसंच. आधी काळा पैसा बुडणार होता. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं की ९९.३ टक्के नोटा परत आल्या, तोवर ‘उद्देश कॅशलेसचाच होता’ हे पाठ झालेलं. दोन हजारच्या नोटेतल्या त्या अफवेतल्या चिपचं नाव तर आता कुणी काढत नाही.

कार्यकर्त्याला असं करून भागत नाही, त्याला लोकांच्या दारात उभं राहावं लागतं. सोफ्यावरच्याला कुणी हंडा दाखवत नाही, त्यामुळे त्याचं मत कधी तपासलंच जात नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असं बजावलं होतं. ते भाषण आमच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंकडून येतं. पण ते आपल्याच पक्षाला उद्देशून पाठवलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

असो. खाली कमेंटमध्ये मला जे काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी आपापल्या नेत्याची एक चूक लिहा. ‘ते जरा जास्तच चांगले आहेत’ हे धरलं जाणार नाही.